पसरणीचा घाट उतरण्याआधी

दुबईला मुलाकडे निघालेल्या आमच्या शेजारच्या काकूंनी सगळी तयारी वेळेवर केली होती. मेतकूट, भाजणी, नातवासाठी स्ट्रॉबेरी क्रशच्या बाटल्या, व्हिसाच्या दोन-दोन झेरॉक्स. राहिले होते ते फक्त दिरहम. "विमानतळावर मिळतात की," असं कुणीतरी सांगितलं होतं आणि ते खोटं नव्हतं. रात्री दोन वाजता, एका उघड्या खिडकीवर, पन्नास हजार रुपयांचे दिरहम त्यांना मिळाले. दुसऱ्या दिवशी मुलाने पावती पाहिली आणि हिशेब केला. आठवडाभर आधी पुण्यात घेतले असते तर दीडशेच्या वर दिरहम जास्त आले असते. नातवाच्या शाळेचे नवे बूट त्यात सहज बसले असते.

काकूंपासून कुणी काही लपवलं नव्हतं. दर काचेवर लिहिलेला होता आणि त्यांनी तो चष्मा लावून वाचलाही होता. पण तो महाग आहे की स्वस्त, हे ठरवायला त्यांच्याजवळ दुसरा आकडा नव्हता. परकीय चलनाच्या व्यवहारात सामान्य माणसाचं नुकसान होतं ते बहुतेक वेळा इथेच. तो दुसरा आकडा कसा मिळवायचा, आणि पाचगणीसारख्या गावातून निघताना तो घाट उतरण्याआधीच का मिळवायचा, हे सविस्तर सांगावंसं वाटतं. आमच्या भागातून मुलं शिकायला आणि नोकरीला बाहेर जातात, मागून आई-वडील त्यांना भेटायला जातात. त्या आई-वडिलांचा एकेक रुपया कष्टाचा असतो.

आधी आपला रस्ता पाहू. पसरणीचा घाट, वाई, सुरूर फाटा, खंबाटकीचा बोगदा, शिरवळ, कात्रज आणि मग पुणं ओलांडून लोहगाव. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, पण शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागली की किती तास लागतील ते सांगता येत नाही. मुंबई याच्या दुपटीहून लांब. कराडला धावपट्टी आहे, नियमित प्रवासी विमान नाही. कोल्हापूरच्या उजळाईवाडीहून विमानं सुटतात ती देशातल्या देशात. तिथून मुंबईला किंवा हैदराबादला जाऊन पुढचं परदेशी विमान पकडणारे लोक आहेत, पण परदेशी उड्डाणच नसलेल्या विमानतळावर परकीय चलनाच्या खिडकीची आशा धरून जाऊ नये. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ. तिथली नवी प्रवासी इमारत जुलै २०२४ मध्ये सुरू झाली, भव्य आहे, पण परदेशी विमानं दुबई, बँकॉक अशी बोटांवर मोजण्याइतकीच.

आणि विमानं मोजकी असतात म्हणूनच खिडकीवरचा दर चढा असतो. चलन बदलून देणाऱ्याला विमानतळावरच्या जागेचं मोठं भाडं भरावं लागतं. अवेळी माणसं बसवावी लागतात. नोटा आणून ठेवाव्या लागतात. त्यांची वाहतूक, विमा आणि पडून राहिलेल्या रकमेवरचं व्याज हा सगळा खर्च त्याच्या माथी. मोठ्या विमानतळावर तो हजारो गिऱ्हाइकांत वाटला जातो, लहान विमानतळावर तो पन्नास-शंभर जणांकडून वसूल करायचा असतो. शिवाय समोर उभा असलेला प्रवासी आता मागे फिरून दुसरीकडे चौकशी करणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

हा खर्च पावतीवर वेगळा दिसत नाही, तो दरात मुरवलेला असतो. आपल्या भाषेत यासाठी फार नेमके जुने शब्द आहेत. पेशवाईत या भागात अनेक टाकसाळींचे रुपये चालत. अंकुशी, चांदवडी, शिवाय हैदराबादचा शिक्का. एका जातीचा रुपया देऊन दुसऱ्या जातीचा घ्यायचा तर सराफ मधल्या मध्ये काही कापून घेई. तो बट्टा किंवा वटणावळ. नावाला बट्टा लागतो म्हणतो तो हाच. काशीला निघालेला यात्रेकरू रोकड अंगावर नेत नसे. तो सावकाराकडे पैसे भरून हुंडी घेई आणि दूरच्या पेढीवर ती दाखवून तिकडच्या नाण्यात रक्कम उचली. दाखवताच पैसे देणारी ती दर्शनी हुंडी. या सोयीबद्दल द्यायची ती हुंडणावळ. वाईचं रास्त्यांचं घराणं मुळात अशा सावकारीतलंच. १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या मुलखात एकच रुपया चालवला आणि बट्ट्याचा धंदा हळूहळू आटला, पण पुढे कित्येक वर्षं पौंड-रुपयाच्या दरालाही मराठीत हुंडणावळच म्हणत. मला हा शब्द आवडतो, कारण त्यात आपण कुणाला तरी काहीतरी मोजतो आहोत याची जाणीव आहे. 'शून्य कमिशन' असं पाटीवर लिहिणाऱ्याचीही हुंडणावळ असतेच, ती फक्त दरात असते.

ती बाहेर काढायची रीत सोपी आहे. प्रत्येक चलनाला बाजाराचा एक मधला दर असतो. तो मोबाइलवर कुणालाही दिसतो, पण त्या दराने नोटा कुणी देत नाही. बदलून देणारा त्याच्या वर थोडं ठेवून विकतो आणि त्याच्या खाली थोडं ठेवून विकत घेतो. किती वर आणि किती खाली, एवढंच पाहायचं. दिरहमच्या बाबतीत तर आणखी सोय आहे. १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ दिरहम हा भाव बांधलेला आहे. म्हणजे डॉलरचा रुपयातला दर ठाऊक असला की त्याला ३.६७ ने भागायचं, दिरहमचा मधला दर हातात आला. हिशेबासाठी डॉलर ९० रुपये धरू. दिरहम साडेचोवीसच्या आसपास येतो. शहरातल्या दुकानात २४.९० ला मिळाला तर ५०,००० रुपयांचे २,००८ दिरहम होतात. विमानतळाच्या काचेवर २७ लिहिलं असेल तर १,८५२. दर फक्त दोन रुपये दहा पैशांनी जास्त दिसतो, म्हणून मन म्हणतं की जाऊ दे. प्रत्यक्षात फरक १५६ दिरहमचा, म्हणजे ३,८०० रुपयांचा असतो. पाचगणीहून लोहगावपर्यंतच्या गाडीभाड्यातला चांगलाच मोठा वाटा त्यात निघेल.

चलन बदलून घेण्यावर सरकारचा जीएसटी असतो, पण त्याला घाबरायचं कारण नाही. तो सगळ्या रकमेवर लागत नाही. एक लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का, किमान २५० रुपये, हे सेवेचं मूल्य धरतात आणि त्यावर १८ टक्के लावतात. ५०,००० वर ५०० रुपये मूल्य आणि ९० रुपये कर. कुणी "जीएसटीमुळे दर जास्त आहे" असं सांगू लागला तर हा नव्वदचा आकडा लक्षात ठेवावा.

आता प्रश्न, पाचगणीत राहून स्वस्तात चलन घ्यायचं कुठे? गावातल्या बँकेत आपलं खातं असतं, पण बँकेच्या प्रत्येक शाखेत परकीय चलनाचं काम होत नाही. ते ठरावीक शाखांत चालतं. तरीही पहिली चौकशी तिथेच करावी. आपल्या बँकेची जवळची अशी शाखा कोणती, नोटा मागवून देतील का, किती दिवस लागतील, हे विचारावं. दुसरी वाट पुण्याची. तिथे रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेले चलन बदलणारे बरेच आहेत, आणि एकमेकांशेजारी असल्यामुळे दरात घासाघीस चालते. घरपोच सेवाही देतात, पण ती पाचगणीपर्यंत पोचेल असं धरून चालू नका. प्रवासासाठीचं चलन साठ दिवस आधीपर्यंत घेता येतं. व्हिसासाठी, खरेदीसाठी किंवा दवाखान्यासाठी पुण्याला एखादी खेप होतेच. त्याच खेपेत हे काम उरकावं. जाण्याआधी दोन-तीन ठिकाणी फोन करावा. फोनवर "दर काय?" असं विचारू नये, कारण दर एक सांगतात आणि वर सेवा शुल्क वेगळं लावतात. विचारावं ते असं: "सगळं धरून पन्नास हजारांत किती दिरहम हातात पडतील?" या प्रश्नाचं उत्तर एकाच आकड्यात द्यावं लागतं.

बरोबर पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि पॅन कार्ड हवं. एक अर्ज भरावा लागतो, त्याला ए-टू फॉर्म म्हणतात. रोख रुपये मोजून ५०,००० पेक्षा कमी किमतीचंच चलन घेता येतं. ५०,००० किंवा त्यापुढे चेकने, कार्डाने किंवा खात्यातून पैसे द्यावे लागतात. बहुतेक देशांसाठी एका खेपेला ३,००० डॉलर किंवा तेवढ्या किमतीच्याच नोटा मिळतात, बाकीचं कार्डावर. वर्षाची एकूण मर्यादा माणशी अडीच लाख डॉलर आहे, ती आपल्यासारख्यांना अडत नाही. दहा लाख रुपयांच्या पुढे गेलं तर उगमस्थानी कर वसूल करतात, तो नंतर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. पावती घ्यायचीच.

इथे एक अवघड गोष्ट बोलायला हवी, कारण ती आपल्या घरोघरी चालते. आखातातून सुटीला आलेला भाचा असतो, त्याच्याकडे दिरहम उरलेले असतात, आपल्याला हवे असतात. मग घरातल्या घरात व्यवहार होतो. दोघांचाही फायदा, मनात काही काळंबेरं नाही. पण १९९९ च्या फेमा कायद्याच्या कलम ३ प्रमाणे अधिकृत व्यक्तीखेरीज कुणाशीही परकीय चलनाची देवघेव करता येत नाही. घरातलंच माणूस आहे म्हणून कायदा बाजूला होत नाही, आणि आपल्या हातात पावतीही राहत नाही. टॅक्सीवाला किंवा हॉटेलातला कुणी "जास्त दर देतो" म्हणाला तर विषयच संपला.

अर्थात हे सगळं एके काळी लागतच नव्हतं. १९५० च्या दशकात कोकणातला किंवा घाटावरचा माणूस दुबईला गेला तर त्याच्या खिशातला रुपया तिथे तसाच चाले. कुवेत, बहारीन, कतार, दुबई, सगळीकडे भारतीय रुपयाच व्यवहारात होता. त्या वाटेने सोन्याची चोरटी आयात फार वाढली, म्हणून १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. रंग वेगळा, क्रमांकाच्या आधी झेड हे अक्षर. हज यात्रेकरूंसाठीही स्वतंत्र नोटा होत्या. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर ४.७६ वरून साडेसात रुपयांवर गेला, आणि दुबईने रुपया सोडला. आजचा दिरहम १९७३ चा. त्याही आधी, १९३५ पर्यंत, झांझिबारमध्ये रुपयाच चलन होतं. १९५० च्या दशकात तिथले पारशी बुलसारा दांपत्य आपल्या मुलाला पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये ठेवू लागलं, तेव्हा त्यांच्या पगाराचं चलन शिलिंग झालेलं होतं. फरुख बुलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगाला माहीत झाला. पण त्याच्यासारख्या कितीतरी मुलांच्या फीचे पैसे हुंडणावळ मोजूनच पसरणीचा घाट चढून आले आहेत. या गावाला परकं चलन नवं नाही.

नोटांइतकंच कार्डाचं महत्त्व. किंबहुना घाटावर राहणाऱ्या माणसाला कार्ड जास्त सोयीचं, कारण त्यासाठी पुण्याला जावंच लागतं असं नाही. आगाऊ पैसे भरून ठेवायचं फॉरेक्स कार्ड म्हणजे आजची दर्शनी हुंडीच. ज्या दिवशी भरलं त्या दिवशीचा दर कायम होतो, नंतर रुपया घसरला तरी आपल्याला झळ लागत नाही. मात्र दिरहम भरलेल्या कार्डाने थायलंडमध्ये खर्च केला तर मध्ये पुन्हा कापतात. आपलं नेहमीचं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड वापरलं तर बऱ्याच बँका साडेतीन टक्के जादा घेतात, त्यावर जीएसटी. दहा हजारांच्या खरेदीवर ४१३ रुपये. काही कार्डांवर हे कमी असतं, काहींवर अजिबात नसतं; आपल्या कार्डाचं काय आहे ते निघण्याआधी बँकेला विचारावं.

आणखी एक गोष्ट घरी बसूनच करायची. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवी कार्डं परदेशात आपोआप चालत नाहीत, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ती सोय आपण चालू करावी लागते. हे अनेकांना तिकडच्या एटीएमसमोर उभं राहिल्यावर कळतं. तेव्हा ओटीपी येतो तो भारतातल्या नंबरवर, आणि ते सिम घरी कपाटात असतं. म्हणून कार्ड आधी चालू करा आणि भारतातलं सिम रोमिंगसह बरोबर न्या. दोन कार्डं असतील तर एक पर्समध्ये, एक बॅगेत.

तिकडे दुकानात यंत्र कधीकधी विचारतं की रुपयांत द्यायचे की दिरहममध्ये. रुपये दिसले की आपल्याला बरं वाटतं, ओळखीचं वाटतं. तिथे दिरहमच निवडावं. रुपये निवडले की दर त्या यंत्रवाल्याचा लागतो आणि तो बहुधा विमानतळाच्या काचेचाच भाऊबंद असतो. एटीएममध्येही हाच प्रश्न येतो, उत्तर तेच. एटीएममधून दर वेळी ठरावीक शुल्क कापतात, त्यामुळे शंभर-शंभर दिरहम पाच वेळा काढण्यापेक्षा पाचशे एकदाच काढावेत.

मग किती रोख न्यायची? मुलाकडे जाणाऱ्या आईला टॅक्सी, पाणी, फोन आणि अडीनडीला पुरेल एवढी, म्हणजे दोन-तीनशे दिरहमसुद्धा पुष्कळ झाले, तेही सुट्या नोटांत. भारतातून जाताना २५,००० पर्यंत रुपयेही बरोबर नेता येतात. दुबईत, सिंगापुरात रुपयाला गिऱ्हाईक आहे, त्यामुळे शहरातल्या दुकानांत त्याला बरा भाव येतो. युरोप-अमेरिकेत मात्र तो घेऊन जाण्यात अर्थ नाही. बँकॉकला जाणाऱ्यांनी डॉलरच्या स्वच्छ, न फाटलेल्या, शिक्का किंवा शाई न लागलेल्या नोटा न्याव्यात आणि तिथे बाथ घ्यावेत. सुवर्णभूमी विमानतळावर उतरल्या-उतरल्या दिसणाऱ्या बँकांच्या खिडक्यांपेक्षा तळमजल्याखाली, शहरात जाणाऱ्या रेल्वेच्या पातळीवर असलेल्या खिडक्यांवर दर बराच चांगला असतो. थोडे जिने उतरण्याचं ते काम आहे.

उलट्या दिशेने येणाऱ्यांचाही विचार करायला हवा. पाचगणीच्या शाळांतल्या मुलांना भेटायला आखातातून, आफ्रिकेतून पालक येतात. त्यांनी विमानतळावर गाडीभाड्यापुरतेच रुपये घ्यावेत, बाकीचे बँकेच्या एटीएममधून किंवा शहरातल्या अधिकृत दुकानातून. पण ते घाट चढायच्या आधी. सलग सुट्या आल्या की पाचगणी-महाबळेश्वरची एटीएम पर्यटकांच्या गर्दीने रिकामी होतात. शुक्रवारी संध्याकाळी वाईतच पैसे काढून वर यावं, हे इथला कुणीही सांगेल. रुपये घेतल्याची पावती जपून ठेवावी, परत जाताना उरलेले रुपये तिच्या आधारे बदलून मिळतात. अनिवासी भारतीयांना २०२३ पासून अमेरिका, ब्रिटन, अमिराती, ओमान अशा दहा देशांतल्या फोन नंबरवरही एनआरई किंवा एनआरओ खात्याचं यूपीआय चालवायची परवानगी मिळाली. पाचगणीच्या टेबललँड पठारावरचा मक्याचा कणीसवालासुद्धा यूपीआय घेतो, त्यामुळे ज्यांना हे जमलं त्यांचा रोख रकमेचा प्रश्न जवळपास सुटलाच.

घरी परत आल्यावर उरलेल्या नोटा कपाटात पडून राहतात. २,००० डॉलर किंवा तेवढ्या किमतीचं चलन पुढच्या खेपेसाठी जवळ ठेवायला हरकत नाही. त्याहून जास्त असेल ते परतल्यापासून १८० दिवसांत बँकेत किंवा अधिकृत दुकानात द्यावं लागतं. फार वर्षं ठेवू नये हे बरं. ब्रिटनच्या कागदी वीस आणि पन्नास पौंडांच्या नोटा सप्टेंबर २०२२ नंतर व्यवहारातून गेल्या, आणि अशा नोटा जपून ठेवलेली घरं आमच्या गावातही आहेत. त्या बँक ऑफ इंग्लंडकडून अजून बदलून मिळतात, पण इथला दुकानदार त्यांना हात लावत नाही.

नाणी तर कुणीच घेत नाही. काकू दुबईहून आल्या तेव्हा त्यांच्या पर्समध्ये तेवीस दिरहमची चिल्लर होती. पुढच्या वेळी निघताना ती त्यांनी आठवणीने हातातल्या पिशवीत ठेवली, आणि सोबत एक कागद. त्यावर त्या दिवशीचा डॉलरचा दर लिहिलेला होता आणि खाली ३.६७ ने भागाकार केलेला होता.